शेकवालीचं थांबलेलं दुखणं

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत तिला सगळे शेकवाली म्हणत. कामाने ती इस्त्रीवाली, एकवीस वर्षं मोठ्या प्रेसवर उभी. पण कुणाची पाठ धरली, कुणाच्या पोटात मुरडा आला, की प्रेसमधून निघालेली गरम चादर चौपदरी करून ती त्याच्या अंगावर ठेवायची आणि दटावायची, "पाच मिनिटं गप पड. उतरलं नाही तर मला विचार."

बहुतेकदा उतरायचं. तिथेच ती फसली.

त्या सोमवारी सकाळी तिला चहाच नकोसा झाला. बेंबीभोवती दुखत होतं, मळमळत होतं. शेजारच्या टेबलावर घड्या घालणाऱ्या नणंदेने विचारलं, "वहिनी, तोंड का असं पांढरंफटक?"

"काल तुझ्या भावाने भाजी केली होती. मीठ दोनदा घातलं, प्रेम एकदाच."

नणंद हसली, पण जेवणाच्या सुट्टीत वहिनीचा डबा उघडलाच नाही हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. दुपारपर्यंत दुखणं बेंबीपासून सरकत उजवीकडे, खाली, कंबरेच्या हाडाजवळ येऊन बसलं. आता ते एका बोटाने दाखवता आलं असतं. प्रेसचं झाकण खाली आदळलं की जमीन हादरायची आणि नेमकी तिथेच कळ उठायची. तिने स्वतःसाठी चादर चौपदरी केली. वरची कातडी सुखावली. आत काय चाललंय हे त्या उबेला कसं कळणार? मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला बोटाएवढी एक पिशवी असते. तिचं तोंड बुजलं होतं, ती सुजत होती, आणि आत पू धरत होता.

मंगळवारी ती वाकूनच कामावर आली. अंगात कणकण होती. नवरा त्याच लॉन्ड्रीत बॉयलर सांभाळायचा. तो म्हणाला, "दवाखान्यात चल."

"आणि हा ढीग कोण उपसणार? तुमची बहीण?"

"मी उपसते की," नणंद म्हणाली.

"तू? तुझ्या एका घडीत माझ्या चार होतात. अहो, उद्या बघू."

बाराच्या सुमाराला दुखणं एकाएकी थांबलं. ती ताठ उभी राहिली, स्वतःशीच हसली आणि तडक बॉयलरच्या खोलीत गेली.

"गेलं हो! कुणी रुतलेला काटा काढावा तसं गेलं. उगाच घाबरवत होता."

नवरा हसला नाही. एके वर्षी बॉयलरच्या दाबाचा काटा लाल पट्टीवर थरथरत असताना आपोआप खाली आला होता. मदतनिसाने सुटकेचा श्वास टाकला होता. याने मात्र सगळ्यांना अंगणात पिटाळलं होतं. मागचा पाइप फाटला होता.

"तू गोळी घेतलीस? औषध घेतलंस?"

"काही नाही."

"मग उतरलं कशानं?"

"मी काय तुमचा बॉयलर आहे?"

"चप्पल घाल," तो म्हणाला. त्याचा चेहरा पाहून तिने पुढे वाद घातला नाही.

लॉन्ड्रीच्या टेम्पोत, मळक्या चादरींच्या गाठोड्यांना टेकून ती निघाली. अर्ध्या वाटेत हुडहुडी भरली. इस्पितळ येईतो पोट फळीसारखं कडक झालं होतं, आणि आता ते सगळीकडेच दुखत होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोट हळूहळू दाबलं आणि हात झटकन उचलला. हात उचलल्यावर ती किंचाळली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली.

"मध्ये दुखायचं थांबलं होतं?"

"हो, बाराला."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला आले होते. "अपेंडिक्स फुटलंय. आतला ताण सुटला म्हणून बरं वाटलं. पू पोटभर पसरलाय. काल आला असतात तर तीन बारीक छिद्रांतून काढून परवा घरी पाठवलं असतं. आता पोट उघडून धुवावं लागेल."

"वाचेल ना?" नवऱ्याने विचारलं.

"लगेच शस्त्रक्रियेला घेतोय," त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रिया झाली. कुशीतून एक नळी बाहेर आली, तिच्यातून गढूळ पाणी पिशवीत उतरत होतं. शिरेतून अँटिबायोटिक चालू, तोंडाने थेंबही नाही. रोज सकाळी डॉक्टरीणबाई तिच्या पोटावर स्टेथोस्कोप टेकवून बराच वेळ ऐकत.

"आतडी गप्प आहेत," दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या. "ती हलायला हवीत. हलली नाहीत आणि ताप चढत राहिला, तर पुन्हा उघडावं लागेल."

त्या संध्याकाळी ताप चढला. तिसऱ्या दिवशीही आवाज नव्हता. नणंद ओल्या कापसाने तिचे ओठ पुसत होती. नवरा स्टुलावर बसून पिशवीतल्या पाण्याचा रंग बघत होता. नेहमी सगळ्यांना दटावणारी ती, छताकडे बघत पडून होती.

चौथ्या दिवशी पहाटे ताप उतरला. नवऱ्याला आनंद झाला नाही. उतरण्यावरचा त्याचा विश्वासच उडाला होता. डॉक्टरीणबाई आल्या, स्टेथोस्कोप टेकवणार इतक्यात पांघरुणाखालून लांबलचक गुरगुर झाली. पलीकडच्या खाटेवरच्या आजींनीसुद्धा मान वळवली.

ती लाजली. "माफ करा हं, बाई."

"माफ काय करता! चार दिवस हेच ऐकायला येतेय मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा करा."

नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि खांदे हलेपर्यंत रडला.