खंडेनवमीचा पेचकस

मी शाळामास्तर. बावीस वर्षं जळकोट तालुक्यातल्या पोरांना अक्कल शिकवली आणि स्वतः मात्र पेट्रोलच्या मशीनवर नारळ फोडला.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. दोन एकर सोयाबीन पिकून खडखडीत झालं होतं. मजूर मिळत नाहीत म्हणून मी गवत कापायचं मशीन घेतलं होतं. त्याला गोल पातं लावलं की सोयाबीन भराभर आडवं होतं. औजारपूजेचा दिवस, म्हणून पाइप लावून मशीनला इंजिनासकट न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं आणि इंजिनाच्या डोक्यावरच नारळ फोडला. बायको, शिवकन्या, म्हणाली, "अहो, बाजूला फोडा की जरा!" पण मास्तरला कोण शिकवणार?

आमच्याकडे पूजा झाली की औजार लगेच उचलतात. शेतात गेलो तर मशीन ढिम्म. दोरी ओढून खांदा निखळायची वेळ आली. कर्नाटकाच्या बाजूनं आभाळ काळं होत होतं. पिकल्या शेंगा भिजल्या की दाणा काळा पडतो, नाहीतर मोड येतात. सणाचा दिवस, सगळी दुकानं बंद.

मशीन मोटारसायकलवर आडवं बांधलं आणि शरणम्माक्काचं घर गाठलं.

अक्का स्टँडमागच्या गल्लीत किराणा दुकान चालवते. वय साठीला टेकलेलं, गळ्यात लिंग, शाळा चौथीपर्यंत. काही वर्षांपूर्वी एका मेकॅनिकनं तिचा फवारणी पंप दोनदा तसाच बिघडलेला परत दिला. तिसऱ्यांदा अक्कानं तो स्वतःच ओट्यावर खोलला. निघेल तो स्क्रू इडलीपात्राच्या एकेका खळग्यात ठेवला आणि लावताना शेवटच्या खळग्यापासून उलट्या क्रमानं लावत गेली. पंप चालू झाला. तेव्हापासून ते इडलीपात्र इडलीला मुकलं ते मुकलंच, आणि गावातले पंप, मशीनं तिच्या ओट्यावर यायला लागली. आधी मीही हसायचो, "अक्का इंजिनाचं सांबार करते," म्हणून. आता ते आठवलं की लाज वाटते.

अक्कानं दारातूनच हात जोडले. "गुरुजी, आज न्हाई. माझे पाने, पक्कड सगळं पूजेत हाय. उद्या दसऱ्याला उचलायचं. सासऱ्यापासूनची चाल हाय, कधी मोडली न्हाई."

मी नुसतं आभाळाकडं बोट केलं. तिनं वर बघितलं, मग वाकून मशीनचा वास घेतला.

"खोबऱ्याचा वास कसा काय यायलाय?"

मी सगळं कबूल केलं. अक्का पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग म्हणाली, "मशीनसोबत पान्यांची पिशवी आली आसंल की. ती पूजेत न्हाई ना? बसा. मी सांगते, तुम्ही करा."

पिशवीचं प्लॅस्टिकसुद्धा मी फोडलं नव्हतं. अक्का मांडी घालून समोर बसली आणि पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं मला शिकवायला लागली. टाकीतलं पेट्रोल ओतून टाक. प्लग काढ, पूस, फुंकून वाळव. हवेच्या जाळीतला स्पंज पिळ. त्यातून नारळाचं पाणी निघालं. आता प्लगविना दोरी ओढ. मी ओढली तसा भोकातून तुषार उडाला, थेट माझ्या चष्म्यावर. शिकवताना मी 'गुरुजी'चा नुसता 'तू' झालो होतो आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

ऑईल मिसळलेलं नवं पेट्रोल घातलं, प्लग लावला. दोरी ओढली. मशीन खोकलं आणि गप्प झालं.

"कार्बोरेटरात पाणी हाय," अक्का म्हणाली. "ते खोलावं लागंल." त्याचे स्क्रू बारीक. माझ्या पिशवीत तेवढा पेचकस नव्हता.

पहिला थेंब ओट्याच्या फरशीवर पडला. अक्का उठून आत गेली. उघड्या दारातून मला देवघर दिसत होतं. तिनं पाटासमोर डोकं टेकवलं, मग मांडलेल्या औजारांतून एक बारीक पेचकस उचलला आणि बाहेर आली. त्याच्या दांड्यावरचं कुंकू अजून ओलं होतं.

"अक्का, चाल मोडली की," मी म्हणालो. मला खरंच वाईट वाटलं.

"देवाला एक दिवस थांबता येतं, गुरुजी. सोयाबीनला न्हाई येत."

ते चार स्क्रू तिनं स्वतः खोलले. पाणी पुसलं, फुंकर मारली, इडलीपात्रातल्या स्क्रूंच्या उलट्या क्रमानं सगळं लावलं. या वेळी दोरी ओढली तसं मशीन असं ओरडलं की शेजारची कोंबडी उडून कौलावर गेली. थेंब दोन-चार पडून थांबले. अंधार पडायच्या आत दोन्ही एकरांतलं सोयाबीन कापून ताडपत्रीखाली गेलं. रात्री धो-धो पाऊस आला आणि मी निवांत झोपलो.

यंदाच्या खंडेनवमीला मशीन कोरड्या फडक्यानं पुसलं, कुंकवाचं एकच बोट लावलं आणि नारळ घेऊन अक्काकडे गेलो. पाटावर पाने, पक्कड, हातोडी सगळं ओळीनं मांडलेलं होतं. तो बारीक पेचकस मात्र त्यात नव्हता. तो बाहेर, उंबऱ्यावर ठेवलेला होता.

"हा पूजेत नाही?" मी विचारलं.

"न्हाई," अक्का म्हणाली. "तो अडल्या माणसासाठी."