निळ्या पडद्यांची खरी गोष्ट

श्री. मुकुंदराव मोकाशी यांना मी पहिल्यांदा पाहिले ते ग्वाल्हेरच्या आमच्या कापड गिरणीच्या रंगखात्यात. मी तिथला रंगमास्टर, ते नुकताच कारभार हाती घेतलेले मालकांचे चिरंजीव. सगळे पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, "मास्टरसाहेब, हे रंगाचं पाणी जातं कुठे?"

मी हात हलवून म्हणालो, "जातं तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे?" असे म्हणत ते नाल्याच्या कडेने चालू लागले. तासाभराने परतले तेव्हा पायांतले पांढरे बूट मोरपंखी झाले होते. मला हसू आवरेना. त्यांनी मात्र त्याच दिवशी हे पाणी थांबवायचे मनावर घेतले. आज ते पाणी शुद्ध होऊन आमच्याच टाक्यांत परत येते.

पुढे नवे माग आले. आता आपल्याला घरी बसवणार, या धास्तीने कामगार गप्प गप्प राहू लागले. मुकुंदरावांनी भाषण दिले नाही. ते स्वतःच प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्गात वही घेऊन बसले. परीक्षेत, नवा माग आधीच शिकून आलेल्या एका जुन्या विणकर बाईंनी त्यांना सरळ नापास केले. ते पुन्हा बसले, पास झाले आणि बाईंना पेढे देऊन आले. त्यानंतर वर्गात जागा मिळेनाशी झाली.

रंग मोजणारे यंत्र आले तेव्हा मात्र माझे डोके फिरले. इतकी वर्षे उत्तरेच्या खिडकीशी नमुना धरून मी रंग पास करत आलो, आणि आता एक डबा मला शिकवणार! त्या सुमारास शाळेच्या गणवेशाचे निळे कापड तयार झाले. यंत्राने ते नापास केले, मी पास केले. मुकुंदराव त्या दिवशी इंदूरला होते. त्यांना साधा फोनही न करता मी माल रवाना केला.

सगळा माल परत आला. निळा कसला, चक्क जांभळट होता, असे सगळे म्हणत होते. मला तो अजूनही ठीकच दिसत होता. नवे इंजिनिअर उघड बोलू लागले, की जुन्या मास्तरांना आता निरोप द्या. सर्वांची बैठक भरली. कबुली द्यायला मी उठणार, एवढ्यात मुकुंदराव म्हणाले, "माल पाठवायला मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे." मी तोंड उघडले, तर त्यांनी नजरेनेच मला खाली बसवले.

संध्याकाळी ते हरिशंकरपुरमला आमच्या घरी आले. कापडाचा विषयच काढला नाही. चहा घेताना माझ्या पायांकडे बघत बसले. सौ. म्हणाली, "बघा ना भाऊसाहेब, एक मोजा काळा, एक निळा. रोज यांचं हेच चाललंय. मी टोकलं, तर मलाच म्हणतात, तुझी नजर खराब आहे!"

मुकुंदराव हसले नाहीत. "मास्टरसाहेब, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी गाडी घेऊन येतो," एवढेच बोलले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाल्यावर मी ते कापड खिडकीशी धरले आणि शरमेने खालीच बसलो. मला वाटले, आता हिशेब चुकता करून घरी जावे. मुकुंदराव म्हणाले, "मशीन नंबर देईल, पण पोरांना रंग बघायला कोण शिकवणार?" मला त्यांनी प्रशिक्षणवर्गाचा प्रमुख केले. कापड वाया घालवणे त्यांना मुळीच खपत नाही, म्हणून त्या जांभळट निळ्याचे पडदे शिवून वर्गाला लावले. तिथला नियमही त्यांचाच: नजर आणि यंत्र यांचे पटले नाही, तर काम थांबवायचे आणि दोघांनाही तपासायचे.

प्रत्येक नव्या तुकडीला ते त्या पडद्यांकडे बोट दाखवून सांगतात, "ही माझी घाई." मी शेजारच्या खुर्चीवर मुकाट बसतो. गेल्या वर्षी एक मुलगी मला म्हणाली, "सर, साहेबांनी इतनी बड़ी गलती केली, और देखो, किती हसून सांगतात!" त्या रात्री मला जेवण गेले नाही. खरे सांगू द्या, म्हणून मी त्यांना अनेकदा विनवले. दर वेळी एकच उत्तर, "नोकरीत आहात तोवर नाही. मुलांनी तुमचं ऐकायला हवं ना?"

मी गेल्या महिन्यात निवृत्त झालो. तेव्हा या गौरवग्रंथात, सर्वांसमक्ष लिहितो: ते कापड मी पास केले होते. मुकुंदरावांना विचारलेही नव्हते. पडद्यांवरची चूक माझी आहे.

मुकुंदरावांच्या साठीनिमित्त देवाजवळ माझे मागणे मोठे आहे. त्यांना शंभर वर्षांचे धडधाकट आयुष्य लाभो. पुढच्या तुकडीला पडद्यांची गोष्ट मी वर्गात येऊन सांगेन. त्यांनी या वेळी मागच्या बाकावर बसून ती निमूट ऐकावी, आणि बसल्या बसल्या माझ्या मोज्यांवर तेवढी नजर ठेवावी.