बर्डीतला अर्धा वाटा

कॉलेजची पहिली दोन वर्षं मी जिभेच्या जोरावर जेवलो. होस्टेलमधली बहुतेक पोरं गावाकडची. दुकानदार सांगेल ती किंमत मुकाट्याने मोजायची. मी त्यांच्यासोबत सीताबर्डीच्या बाजारात जाऊन बूट, जीन्स, बॅगा घेऊन द्यायचो. भावात जेवढे वाचतील त्यातला अर्धा वाटा माझा. त्यावर माझी मेस चालायची. घरून एक पैसा येत नव्हता.

माझी रीत ठरलेली. मालाला नावं ठेवायची, निम्मा भाव सांगायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मागून हाक यायचीच.

मग टाळेबंदी लागली. मी उमरेडला घरी बंद पडलेल्या हातमागाशेजारी बसून मोबाइलवर लेक्चर ऐकत होतो. बाकीची पोरंही घरात कोंडलेली. खर्चायला चहाची टपरीसुद्धा नाही, म्हणून ती मोबाइलवरून सामान मागवायला शिकली. कॉलेज उघडलं तेव्हा होस्टेलच्या गेटवर खोक्यांचा ढीग असायचा. मला कोणी विचारेना.

फक्त एकदा माझा रूम पार्टनर भाव करायला सोबत चल म्हणाला. दुसऱ्या दिवशी मिहानमधल्या एका कंपनीत त्याची मुलाखत होती, शर्ट हवा होता आणि पार्सल वेळेत पोचणार नव्हतं.

बर्डीत दुकानदार प्लास्टिकच्या पडद्याआड, तोंडावर मास्क. चेहरा वाचायचा कुठून? मी भाव सांगितला, त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. मी पाठ फिरवली. चौक आला तरी हाक नाही. परत आलो तर रूम पार्टनर दुकानापाशीच उभा. त्याने मोबाइलवर तसाच शर्ट आणि त्याची किंमत दाखवली होती. दुकानदार त्या किमतीला शर्ट पिशवीत घालत होता. मी त्याहून कमीत आणला असता.

मी भर रस्त्यात रूम पार्टनरला वाट्टेल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "काहून तापून राहिला गा? भाव तर याच्यात लिहूनच आहे. चाल, तुले जेवण चारतो."

मी म्हटलं, "मी कमावून खातो, मांगून नाही."

महिनाभरात पैसे संपून माझी मेस बंद झाली, होस्टेलची खोलीही सुटली. मी पार्सल पोचवण्याचं काम धरलं. होस्टेलच्या गेटवर पहिलंच खोकं त्या रूम पार्टनरचं निघालं. त्याने कसाबसा हसून हालहवाल विचारला.

मी ओटीपी मागितला.