वळणावर झुकणारा माणूस

सिडनीतल्या आमच्या टूनगॅबीच्या घराच्या कुंपणापलीकडचा चॅम्पियन आपण घाबरतो हे अगदी मोकळेपणाने सांगायचा. पुरुषमाणूस, त्यातून एकेकाळचा मोटारसायकल शर्यतींचा विजेता, आणि असं बोलतो? मला बाई नवलच वाटायचं.

त्याची शर्यतीची गाडी तीनचाकी. जोडीदार ती चालवायचा आणि हा मोटारसायकलला शेजारी जोडलेल्या फळीवर. वळण आलं की पाठ रस्त्याला घासेल इतका बाहेर झुकायचा. नाही झुकला तर गाडी उलटलीच! ह्याच्या हातात ना हँडल, ना ब्रेक.

"भीती नाही वाटायची?" मी विचारलं.

"दर वेळी, लव्ह. ज्याची भीती मेली, तो वेळेवर झुकत नाही."

पहिल्यांदा त्याने लव्ह म्हटलं तेव्हा मी घरात पळाले होते. मग कळलं, इथे दुकानदारही तसंच म्हणतात.

कोरोना आला आणि मी कोथिंबीरसुद्धा साबणाने धुवायला लागले. चॅम्पियन एकटा, म्हणून रोज कुंपणावर डबा ठेवायचे. डबा रिकामा परत करायचा नसतो, ही आपली रीत त्याला एकदाच सांगितली होती. तेव्हापासून डब्यात त्याच्या झाडाची लिंबं. मी तीही धुवायचे. "साबणाचं लोणचं घालणार वाटतं!" तो पलीकडून हसायचा.

एका दुपारी डबा तसाच. वरणभाताला मुंग्या. हाका मारल्या, उत्तर नाही. जावं तर आजार, न जावं तर...

"आई, थांब, मास्क!" मुलगा ओरडला. पण मी फाटक ओलांडलं होतं.

स्वयंपाकघरात तो जमिनीवर बसलेला. ओठ निळसर. हातानेच 'जवळ येऊ नकोस' म्हणाला. मुलाने अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत मी दारातून बोलत राहिले, मराठीत, सुचेल ते. माझी बडबड थांबली तर ह्याचा श्वास थांबेल, असंच वाटत होतं.

स्ट्रेचरवरून त्याने विचारलं, "घाबरलीस?"

"खूप."

"गुड," म्हणाला आणि अँब्युलन्सचं दार लागलं.

वेस्टमीड हॉस्पिटलमधून तो परत आला नाही. अंत्यविधी फोनवर पाहिला. लांब लांब मांडलेल्या खुर्च्या, मोजकी माणसं. म्हातारा जोडीदार बोलायला उठला. "वळणावर मी कधी बाजूला बघितलं नाही. तो झुकलेला असणारच, हे ठाऊक असायचं. आता..." आणि तो तसाच खाली बसला.

फोन ठेवला आणि मी घरभर फिरले. मुलगा लॅपटॉपवर होता. सून हॉस्पिटलची शिफ्ट करून झोपली होती. तिची छाती वरखाली होताना दिसेपर्यंत मी दारातच उभी राहिले.