लडाखहून परत आलेला डबा

आमच्या घरात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. शेजारणीचा असो की मावशीचा, निदान चिमूटभर साखर तरी घालायचीच. त्यामुळे लष्करातल्या माझ्या धाकट्या भावाला आईने राखीबरोबर लडाखला बेसनाचे लाडू पाठवले, तेव्हा तो स्टीलचा डबा भरूनच परत येणार हे ठरलेलं होतं. मला चिंता होती ती हळदीची.

नगरच्या आमच्या फार्मसी कॉलेजात शेवटच्या वर्षाला निम्मा वर्ग हळदीवर प्रोजेक्ट करत होता. मी मात्र सगळ्यांदेखत नाक वर करून सांगितलं होतं की मी सी बकथॉर्न घेणार. लडाखच्या थंडीत वाढणारं हे काटेरी झुडूप, त्याला आंबट नारिंगी फळं येतात, आणि त्यात सूज उतरवणारी द्रव्यं असतात असं वाचलं होतं. सर म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीआधी काहीतरी दाखव. नाहीतर तूही हळद." हळदीशी माझं वैर नाही. पण एवढ्या बढाया मारून वर्गासमोर माघार घ्यायची, हे माझ्या जिवावर आलं होतं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, काळजीच करू नको. तसाबी डबा रिकामा कसा धाडू? आई मारील ना."

त्याच्या छावणीजवळच्या एका बाईंनी शेताला याच झुडपाचं कुंपण केलं होतं, आपल्याकडे बाभळीच्या काट्यांचं करतात तसं. त्यांना विचारून तो फळं तोडायला गेला, तर एकेक फळ फांदीला घट्ट चिकटलेलं आणि बोटात धरलं की फुटणारं. शेवटी त्याने फांद्याच कापून घेतल्या. निघाली तेवढी फळं डब्यात भरली, झाकण गच्च बसवलं, डबा पोत्यात ठेवला आणि काट्यापानांसकट फांद्या त्याच्याभोवती कोंबल्या. का, तर कुणी हात लावू नये म्हणून. "रेल्वे म्हंजे काय बिनकुलपाचं शिंगणापूर न्हाई," असं त्याचं म्हणणं.

सुट्टीवर येणाऱ्या त्याच्या मित्राने पोतं नगर स्टेशनावर माझ्या हातात दिलं. ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं. केडगावला घरी येऊन झाकण उघडलं आणि फस्सकन नारिंगी फेस आईच्या साडीवर उडाला. फळं पार आंबून गेली होती.

आईने नाकाला पदर लावला. "लाडू दिलं हुतं, दारू आली व्हय गं?"

मी चक्क रडले. मग रडून झाल्यावर रागारागाने त्या फांद्या उकिरड्यावर टाकायला उचलल्या, तर हाताला काटे टोचले आणि पानं कुरकुरली. वरून हिरवी, खालून रुपेरी, छान वाळलेली होती. पोत्यात वारा लागत राहिला, म्हणून ती टिकली. गुणी द्रव्यं फळांतच असतात असं थोडंच आहे? पानांतही असतात. मी फांद्या पुन्हा आत आणल्या आणि आईच्या सुपात पानं निवडत बसले.

सरांनी पानं पाहून नकारार्थी मान हलवली. "यात टॅनिन भरपूर, चहाला तुरट करतं तेच. ते अंड्याचा पांढरा बलक गढूळ करून टाकेल."

अर्क सुजेवर चालेल का, याची आमची चाचणी अंड्यावरच होती. पातळ केलेला बलक तापवला की दुधासारखा पांढरा होतो. सुजेवरचं औषध घातलं तर तो बराचसा नितळ राहतो. माझ्या पानांचा अर्कही तसं करतो का, एवढंच पाहायचं होतं. अंडी मी आईच्या भाजीच्या पिशवीतून नेली आणि माझ्या माळकरी आईने डोक्यावर हात मारला. "शिकायला जातीस का भुर्जी करायला?"

पहिल्याच नळीत अर्क घातला आणि तापवायच्या आतच सगळं गढूळ. सरांचंच खरं झालं, त्याचाच मला जास्त राग आला. कडक चहा पाणी घालून सारखा करतात, तसा मी अर्क पातळ केला. आणखी पातळ केला. मग तीन नळ्या गरम पाण्यात ठेवल्या: एक नुसत्या बलकाची, एक औषधाची, एक माझ्या अर्काची.

नुसता बलक पांढराफटक झाला. औषधाची नळी नितळ राहिली. आणि माझी, पानांची नळी? तिच्यामागे बोट धरलं तर नखाची कड दिसत होती!

मी ओरडले. प्रयोगशाळेत ओरडत नाहीत हे मलाही माहीत आहे, पण ओरडले. हळदवाले सगळे गोळा झाले. सरांनी सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच आलं, गढूळपणा मोजणाऱ्या यंत्रानेही तेच सांगितलं. सरांनी नळी खिडकीशी धरून पाहिली आणि ते म्हणाले, "हळद राहू दे. पानांवरच लिही." मी त्या दिवशी रिक्षा न करता कॉलेजपासून केडगावपर्यंत चालत आले, आणि पाय दुखले नाहीत.

घरी आईने लगेच आपले सुजरे गुडघे पुढे केले. "मग मला दे की ती पानं." काचेच्या नळीला गुडघे नसतात, औषध व्हायला अजून लांबची वाट आहे, हे मी तिला समजावलं. तिला ते पटलं नाही, पण तिने डबा घासून दिवाळीचे लाडू भरायला घेतले.

तेवढ्यात भावाचा फोन आला. सगळं ऐकून तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "म्हंजे राखण जिंकली आन् माल हरला! मग आता डब्यात काय भरू?"

मी म्हटलं, "काही नको. डबा रिकामा पाठव, पोतं तेवढं पानांनी भर."

आईने माझ्या हातातून फोन हिसकावला. "रिकामा डबा धाडलास तर बघ!"