पट्टी कोणी बदलायची

अक्षर वाकडं आहे, चुकाही असतील. चौथीपर्यंतच शिकले. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं.

नाशिकच्या दवाखान्यात सिस्टरने पट्टीचं सामान माझ्या खाटेच्या पायथ्याशी ठेवलं, दोन पावलं मागे सरली. "मावशी, तुमची तुम्ही बदला. कावीळवाल्या ना तुम्ही."

सगळा वॉर्ड बघायला लागला. मी मान खाली घातली. गुडघा बदलून तिसरा दिवस होता, पट्टी बदलायची पहिलीच वेळ. वाकता येत नव्हतं. कशीबशी पट्टी चिकटवली.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. पांढरी कावीळ आहे, रक्तातली, जुनी. हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने कोणाला होत नाही. पण लिव्हर कमजोर, जखम चिघळू शकते. म्हणून आधी काही महिने गोळ्या, मग ऑपरेशन. "तुमच्या जखमेकडे इतरांपेक्षा जास्त बघावं लागेल," असं ते म्हणाले होते.

बघायला कोणी आलं नाही. माझी खाट संडासाजवळ. वर काविळीचं लाल स्टिकर. जाऊबाई निफाडहून डबा आणायच्या, दारातच ठेवून जायच्या. सिस्टर शेजारणीशी हसून बोलायची. मी पंखा बघायची.

सहाव्या दिवशी पट्टी पिवळी झाली. वास सुटला. सिस्टर म्हणाली, "काविळीमुळे. असंच होतं तुम्हा लोकांचं."

मी वीस वर्षं द्राक्षबागेत मजुरी केली. वेलीला मोठा काप बसला की आम्ही त्यावर औषधाची पेस्ट लावतो. रोगट वेल असली तर तिच्याकडे आधी जातो. ते आठवलं. मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

"होणार हे माहीत होतं, तर जास्त यायचं. तुम्ही जवळच आला नाहीत. डॉक्टरांना बोलवा. मी सामानाला हात लावणार नाही."

डॉक्टर आले. जखम पुन्हा उघडून धुतली. गुडघा अजून पुरता वाकत नाही. लिव्हरमुळे की त्या दिवसांमुळे, मी विचारलं. ते कागद चाळत राहिले.

घरी सोडताना बिलात काविळीचा पेशंट म्हणून पहिल्या सहा दिवसांचे हातमोजे आणि गाऊन जादा लावले होते.

"नियम आहे, मावशी," काउंटरवरचा म्हणाला.

"ते गाऊन कोणी घातले? त्याला बोलवा."

कोणी आलं नाही. मी बाकावर बसून राहिले. आता मान खाली घालणार नाही. कुठल्याच खाटेवर.

संध्याकाळी त्याने ते जादा पैसे परत केले, नोटा काउंटरवर सरकवल्या.

"हातात द्या."

त्याने दिल्या. सहाही दिवसांचे पैसे, पूर्ण.