व्हिडिओ गेम कोणासाठी घेतला?

आज दुपारी माझ्या खोलीत नऊ पोरं होती आणि त्यातली माझी नातवंडं दोनच. आता बिल्डिंगमधल्या सगळ्यांना नमस्कार. जिन्याखालच्या फळ्यावर मी कधी लिहीत नाही, आज लिहिते.

माझ्या मुलाने, भास्करने, परवा द्वारका चौकातल्या दुकानातून व्हिडिओ गेम आणला. त्याला साधा, आत खेळ भरलेला घ्यायचा होता. तुम्ही त्याला जिन्यात गाठलं. "भाऊ, ते खेळ चार दिवसांत पाठ होतात. कॅसेटवालं मशीन घ्या, कॅसेटी आम्ही आणतो." भोळं माझं पोरगं, खूश झालं.

आज चार वाजता मी पिशवी घेऊन निघाले. पंचवटीत माझ्या बहिणीचा हात मोडलाय, तिला भाकरी थापून द्यायची होती. समोरच्या सुमनने दारातच अडवलं.

"आजी, कुठं निघालात? माझा शिवणाचा क्लास आहे."

"मग जा की."

"सुट्टीत पोरांकडं कोण बघणार? म्हणून तर तुमच्याकडं तो गेम घ्यायला लावला!"

बोलली आणि जीभ चावली. मी चपला काढल्या. नऊ पोरं टाकून जाते कुठं? तिकडं बहीण वाट बघत बसली.

म्हणजे गेम निवडताना गेम कोणी बघितलाच नाही. म्हातारी कोणाच्या घरात आहे, तेवढं बघितलं.

पहिल्या पाळीचे बाप साडेतीनला कंपनीतून येऊन झोपतात. उद्या चारला मी पंचवटीला जाणार. पोरांजवळ कोण बसणार, ते इथंच खाली लिहा. बायकांनी खडूला हात लावायचा नाही. बापांनीच लिहायचं.